एकसष्टचं गणित

गोरेगाव, मुंबई
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला उत्तर लांबलं, कारण मी गणितात अडकलोय. हसू नकोस लेका, दहावीला काठावर पास झालेला मीच तो!

फाउंटनच्या फुटपाथवर बेलचं 'मेन ऑफ मॅथेमॅटिक्स' मिळालं. 1937 चं पुस्तक, शेवटच्या पानावर कुणाचा तरी किराण्याचा हिशोब. लोकलमध्ये गाल्वा या फ्रेंच गणितीचं प्रकरण काढलं. विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेलेला पोरगा, आणि आदल्या रात्रीत अख्खा सिद्धान्त लिहून काढतो! गोरेगाव कधी गेलं कळलंच नाही, थेट बोरिवलीला उतरलो.

पुढे दुसऱ्या पुस्तकात वाचलं, की तो प्रबंध त्याने 1831 मध्येच पॅरिसच्या अकादमीला दिला होता आणि प्वासाँ या गणितीने 'नीट समजत नाही' म्हणून नाकारला होता. 29 मे 1832 च्या रात्री त्याने जुन्या कागदांवर हात फिरवला आणि शेवालिए या मित्राला लांबलचक पत्र लिहिलं, एवढंच. बेलने बखरकारासारखं तिखटमीठ लावलंय. आधी राग आला. पण पत्र तरी खरं निघालं, आणि तेही मित्राला!

भास्कराचार्यांची लेक म्हणतात त्या लीलावतीच्या लग्नाचं तेच. घटिकापात्रात मोती अडकून मुहूर्त टळल्याची गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या 'लीलावती' ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून. ती सगळ्यांना पाठ. भास्कराचार्यांचं एकसष्टचं गणित मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. 61 ला अशा वर्गाने गुणायचं, की त्यात 1 मिळवल्यावर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. फर्मा या फ्रेंच गणितीने 1657 मध्ये हेच कोडं युरोपातल्या गणित्यांना घातलं. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात ते 1150 च्या सुमारास सुटलेलं होतं! रीतीचं नाव चक्रवाल, चाकासारखी तीच कृती पुन्हा पुन्हा करायची. 8 चा वर्ग 64, म्हणजे 61 पेक्षा 3 जास्त; इथून सुरुवात. चाक एकदा फिरवलं की 39 आणि 5: 39 चा वर्ग 1521, एकसष्ट गुणिले पंचवीस 1525, फरक फक्त 4. तिथून ब्रह्मगुप्ताच्या रीतीने अशा जोड्या एकमेकींत गुणत गेलं, की उत्तर येतं. ज्याचा वर्ग घ्यायचा ती संख्या 22,61,53,980! याहून लहान चालतच नाही.

चौथ्या सीटवर अर्धा टेकून, विजेच्या बिलाच्या पाठीवर तीन दिवस गुणाकार करत होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "शेअरचा हिशोब का?" गाल्वा वाचताना स्टेशन चुकलं खरं, पण डोकं असं तापलं नव्हतं.

आता तुझं काम. चाळीसगावात बसलायस, तर पाटणादेवीला जाऊन ये. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख तिथला. तो उजेडात आणला आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी. फोटो काढून पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता. क. दुसरी संख्या, म्हणजे 1 मिळवल्यावर येणारा पूर्ण वर्ग जिचा, ती 1,76,63,19,049 यायला हवी. माझी येत नाहीये, कुठेतरी हातचा विसरलोय. बिलाची झेरॉक्स सोबत जोडलीय, बघ सापडतो का.