ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अडीच महिन्यांपूर्वी सकाळी सहाच्या सुमारास इंदूरमधल्या आमच्या गल्लीत दूध घेऊन परतणाऱ्या शेजारच्या काकूंची पोत दोघा मोटारसायकलवाल्यांनी ओढली. मी फाटकाशी पारिजातकाची फुलं वेचत होतो, म्हणून साक्षीदार झालो. तक्रार तासाभरात संगणकावर चढली, एफआयआरची प्रत काकूंच्या हातात पडली, वसाहतीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पेनड्राइव्हवर गेलं. दहाच्या आत सगळं उरकलं. 1974 साली माझी सायकल चोरीला गेली तेव्हा ती नोंदवायला तीन दिवस लागले होते, आणि तेव्हा वडील स्वतः पोलिसात हेड कॉन्स्टेबल होते. तेव्हा बदल झाला नाही असं मी म्हणणार नाही.

जबाबासाठी मात्र मला तीनदा ठाण्यावर बोलावलं. माझं वय 68. पहिल्यांदा तपास करणारे साहेब कोर्टात, दुसऱ्यांदा कुणा मंत्र्यांच्या बंदोबस्तात. तिसऱ्या वेळी अडीच तास व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि तसाच परत आलो. शेवटी एक तरुण उपनिरीक्षक मुलगी घरीच आली. पोह्यांची बशी संपवता संपवता तिने जबाब लिहून घेतला आणि म्हणाली, "अंकल, साठ के ऊपर वालों के तो घर ही आना होता है, आपको बुलाना ही नहीं था." नंतर शोधून वाचलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 179 मध्ये तसं स्पष्ट आहे. पूर्वी हीच मर्यादा पासष्ट होती. कायदा माझ्या दारापर्यंत आला होता, मीच त्याला ओलांडून बाकावर जाऊन बसत होतो. ठाण्यातही कुणी सांगितलं नाही.

पण हे पत्र बाकाच्या तक्रारीसाठी नाही. त्या तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा समोरच्या भिंतीशी एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उकिडवा बसलेला होता. मी तिथे होतो तेवढा वेळ तो तिथेच होता. दोनदा पाणी मागितलं, एकदा मिळालं. मग त्याचे वडील धावत आले. हातगाडीवाले असावेत, बाह्यांना तेलाचा वास होता. त्यांनी विचारलं, कधीपासून बसवलंय? ठाण्यातले कारकून हवालदार, मुंशीजी, म्हणाले, "अभी तो लाए हैं."

अटक केल्यापासून 24 तासांत माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं. ते तास कुठून मोजायचे हे या 'अभी'वर ठरतं. मला ते ठाऊक होतं. मी पोलिसाचा मुलगा आहे. तरी मी गप्प बसलो, कारण माझा जबाब अजून व्हायचा होता आणि काकूंची पोत मिळायची होती. आमच्या डोक्यावर छताला काळा गोल कॅमेरा होता, त्याची वायर सुटून लोंबत होती. निघताना मी एवढंच विचारलं, "ये चालू है क्या?" उत्तर मिळालं, "ठेकेदार आएगा तब."

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं आहे की प्रत्येक ठाण्याचं दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, सगळीकडे कॅमेरे हवेत, आवाजासकट. चित्रण अठरा महिने टिकलं पाहिजे. कॅमेरा बिघडला तर ते कळवण्याची जबाबदारी ठाणेदाराची, म्हणजे आपल्याकडच्या टीआय साहेबांची. जिल्हा पातळीवर एक देखरेख समितीही सांगितली आहे. तीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आहेत आणि शहराचे महापौरही आहेत. महापौर आपण मत देऊन निवडतो, मग ही समिती किती वेळा बसली हे विचारायला हरकत काय? पाच वर्षं होत आली तरी काम झालं नव्हतं, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आमच्या वसाहतीचे कॅमेरे चालू असावेत म्हणून बीटवाला शिपाई महिन्यातून एकदा येऊन बघून जातो. चांगलं करतो. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे मिरवणुकीला, राजवाड्यावर ड्रोन फिरतात. चौकात लाल दिवा ओलांडला की फोटोसकट चालान मोबाइलवर हजर. त्याच नव्या संहितेत तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांच्या आत कळवायचं आहे, मोबाइलवरही चालतं. काकू रोज मेसेज उघडून बघतात. आतापर्यंत दोन आले. दोन्ही चालानचे, मुलाच्या स्कूटरचे.

"जुने पोलीस गल्लीतल्या माणसांना ओळखायचे," असं आमच्या वयाचे लोक फार म्हणतात. वडील होळकर संस्थानाच्या पोलिसात लागले, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. टोपीवरचा बिल्ला दोनदा बदलला, सायकल तीच. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतलं कोण कुणाचा भाचा हे त्यांना पाठ असायचं, खरं आहे. पण त्यांच्या खिशात एक वही असायची, तीही सांगायला हवी. तीत ठरलेली नावं होती. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या आदल्या रात्री ती माणसं उचलून आणायची, सकाळ उलटली की सोडायचं. त्यांतले काही जण पारध्यांचे होते, आणि त्यांचा गुन्हा बहुतेक वेळा तेवढाच होता. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 सालीच रद्द झाला होता. वहीला ते कुणी सांगितलं नसावं.

वडिलांच्या त्या वहीला पुढे वाळवी लागली. नव्या वहीला लागणार नाही. 2022 च्या कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळाची नोंदही घेता येते, आणि ती केंद्राकडे 75 वर्षं राहू शकते. शिक्षा झालेल्यांचीच नव्हे, तर शांततेसाठी जामीन लिहून द्यायला लावलेल्या माणसाचीही. सुटका झाली तर नोंद पुसायची तरतूद आहे, पण ती पुसली का हे हातगाडीवाल्याने कुठे जाऊन विचारायचं? इंदूरमध्ये 9 डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्त पद्धत आहे. असा जामीन घ्यायचा असेल तर पूर्वी माणूस एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदारापुढे नेत. ते महसूल खात्याचे, त्यामुळे निदान गणवेश वेगळा असायचा. आता ते काम पोलिसांचेच सहायक आयुक्त करतात. फायली भराभर हलतात, गुंडही आवरले जात असतील. पण धरणारा, बसवणारा, आदेश देणारा आणि नोंद ठेवणारा एकाच खात्यातला झाला, आणि छतावरचा गोळा बंद. चेहरे ओळखणारे कॅमेरे चौकाचौकात येतील, तेव्हा ते कुठली यादी वाचून ओळखतील? आज उकिडवं बसवलेल्यांचीच.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर, 'आरक्षी केंद्र' या पाटीच्या खाली, एक फळा लावा. आत किती कॅमेरे आहेत, आज किती चालू आहेत, बंद असलेला कधीपासून बंद आहे, आणि चित्रण हवं असेल तर अर्ज कुणाकडे करायचा. खडूने लिहिलं तरी चालेल. महापौरांनी आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली ते वर्तमानपत्रातून कळवावं. साठीच्या वरच्या साक्षीदाराला बोलावणारा फोन करण्याआधी कुणीतरी त्याचं वय विचारावं.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्याच्या वडिलांना मी नाव विचारलं नाही, याची टोचणी आहे. काकूंचं प्रकरण अजून चालू आहे आणि ओळखपरेडला मला बोलावतील, म्हणून माझं नाव छापू नये असं घरच्यांचं म्हणणं आहे. ते मी मान्य केलं आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, इंदूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे.)