माइक दुकानात नव्हे, शेवटच्या बाकावर बसून निवडा

महोदय,

गणपती आणि लग्नसराई जवळ आली की आपल्या वाचकांच्या पत्रांत डीजेच्या भिंतींबद्दल तक्रारी येऊ लागतात. मी निवृत्त परिचारिका आहे. मिरवणूक जाताना वॉर्डातल्या खिडक्यांची तावदानं थरथरताना मी पाहिली आहेत, त्यामुळे अशा प्रत्येक पत्राला माझा पाठिंबाच असतो. पण लाऊडस्पीकरचं आणखी एक दुखणं आहे, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. रस्त्यावर नको तेवढं ऐकू येतं, आणि चार भिंतींच्या आत, जिथे माणसं फक्त ऐकायलाच जमलेली असतात, तिथे शब्द पोचत नाही.

आमचं चर्च मिरजेत आहे. काळ्या दगडाच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, खाली शहाबादी फरशी. दीडशे माणसं बसतील एवढी बाकं. माझे पती एसटीत चालक होते. जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या डाव्या गुडघ्याशी असायचं, आणि त्या घरघरीत ह्यांची एकतीस वर्षं गेली. अशा सततच्या आवाजाने कान एकदम बंद होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातले ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, फ यांची धार वर असते, ती हरवते. म्हणून हे नेहमी एकच वाक्य म्हणायचे, “आवाज येतो गं, शब्द येत नाही.” उपासनेत शेवटच्या बाकावर बसून मान हलवायचे आणि घरी जाताना मला विचारायचे, आज वचन कोणतं होतं?

ह्यांच्यासारखे आमच्या मंडळीत निदान वीस-पंचवीस जण असतील. त्यांच्यातले काही उपासनेला यायचेच थांबले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत ‘लोकांचा उत्साह कमी झाला’ अशी चर्चा व्हायची, तेव्हा मला फार वाईट वाटायचं. त्यांचा विश्वास होता तिथेच होता, त्यांना ऐकू येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुलपिटासाठी, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठासाठी, नवा माइक घेतला होता. विक्रेत्याने सांगितलं, मोठमोठे गायक हाच वापरतात. ते खरंच होतं. पण गायक तो ओठांना लावून गातो. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पुलपिटावर शास्त्र (बायबल) उघडून हातभर मागे उभे राहतात, एक नजर पानावर, एक मंडळीवर, आणि दाखला रंगात आला की उजवीकडे वळून बोलतात. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. मग मागून कुणीतरी हात वर करून खूण करायचं, अँप्लिफायरचं बटण फिरायचं आणि शिट्टी सुरू! त्यावर उपाय म्हणून कॉलर माइक आणला. पाळकसाहेबांच्या झग्यावर तो घासून खरखर करायचा. शास्त्रपाठ वाचणाऱ्या बहिणींनी तो लावायचा कुठे? पदराला क्लिप लावली की माइक खांद्याकडे तोंड करून बसतो, आणि बॅटरीचा डबा अडकवायला साडीला पट्टा नसतो. एका दफनविधीच्या उपासनेत ऐन प्रार्थनेत त्याचे सेल संपले. त्या घरच्या लेकीचं तोंड मला अजून आठवतं.

शेवटी यंदा पंचांनी तिघांची समिती नेमली. एक पंच, तरुण संघातला साउंड बघणारा मुलगा आणि मी. त्या मुलाने पहिल्याच दिवशी शहाणपणाची गोष्ट सांगितली. “आजी, दुकानात सगळेच माइक छान वाजतात. चर्चमध्ये आणून बघू.” आम्ही अनामत भरून आठवड्यासाठी दोन माइक आणले. बघायचं कसं, हे मला कान-नाक-घशाच्या ओपीडीतल्या नोकरीमुळे ठाऊक होतं. तिथे रुग्णाची तपासणी करताना वाचणारा तोंडापुढे कागद धरून एकेक सुटा शब्द म्हणतो, म्हणजे ओठ पाहून अंदाज बांधता येत नाही. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते सांगायचं. एवढंच.

मी वीस शब्द काढले. पाप, ताप. तारण, कारण. शाप, साप. कान, पान, तान. असेच बाकीचे. वाचायला तिघे घेतले. खणखणीत आवाजाचे पाळकसाहेब, शाळेत शिकवून घसा बसलेल्या आमच्या एक बाई आणि संडे स्कूलमधली सहावीची मुलगी. शेवटच्या बाकावर चार ज्येष्ठ, दोघांच्या कानात मशीन, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. जुन्या माइकवर पाळकसाहेबांचे पंधरा शब्द बरोबर उतरले. बाईंचे अकरा. त्या मुलीचे नऊ. ‘पाप’च्या जागी चौघांपैकी तिघांनी ‘ताप’ लिहिलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे. वर्षानुवर्षं आम्ही माइक तपासताना फक्त ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आलो, आणि ‘हॅलो’त असं एकही व्यंजन नाही जे हरवलं तर कळावं.

निवडला तो लवचीक मानेचा गूजनेक, कंडेन्सर जातीचा. तो वीतभर अंतरावरूनही बारीक आवाज पकडतो, आणि मान वाकवली की उंच पाळकसाहेब आणि सहावीची मुलगी दोघांनाही चालतो. त्याला केबलमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात. आमचा जुना अँप्लिफायर तो देत नाही, म्हणून माइकचा आवाज अँप्लिफायरकडे नेणारा छोटा साउंड मिक्सर घ्यावा लागला. दोन्ही मिळून साडेचौदा हजार रुपये. माइक तोंडासमोर न ठेवता हनुवटीच्या खाली, जरा बाजूला ठेवला, म्हणजे प, फ, भ म्हणताना श्वासाचा धक्का बसत नाही. बुडाशी रबराची गादी घातली, नाहीतर शास्त्राचं पान उलटलं तरी धप्प असा आवाज जातो. माइकची केबल लाइटच्या वायरीपासून दूर नेली तेव्हा घुंऽऽ थांबलं.

चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. आमचे स्पीकर पुलपिटाच्या मागच्या भिंतीवर, क्रुसाच्या दोन्ही बाजूंना होते. म्हणजे स्पीकरचा आवाज थेट माइकवर पडणार, माइक तो पुन्हा स्पीकरला देणार. शिट्टीचं मूळ ते. ते काढून पुढच्या खांबांवर मंडळीकडे तोंड करून लावले. गायन मंडळाचे चार माइक उपदेश चालू असतानाही चालूच असायचे. उघडे माइक जितके जास्त तितकी शिट्टी लवकर येते आणि छपराचा घुमारही तेच गोळा करतात. आता गीत संपलं की ते बंद होतात. या दोन कामांना एक रुपया लागला नाही, आणि माझ्या मते निम्मा फरक त्यांनीच पडला. नव्या माइकवर, या बदलांसह, त्या मुलीचे सोळा शब्द उतरले. तेही शनिवारी, रिकाम्या चर्चमध्ये. बाकं भरली की माणसं आणि त्यांचे कपडे घुमार शोषून घेतात, त्यामुळे रविवारी याहून बरंच ऐकू येतं.

आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला कारागीर जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना तारांखालच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा फिरवतो. किती वेळ जातो याचा हिशेब तो ठेवत नाही. अशा गावात माणसांच्या कानासाठी घ्यायची वस्तू पाच मिनिटांत घेऊन मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दोन मोठे स्पीकर द्यायची तयारी दाखवली होती. भावना मोलाची होती. आम्ही त्यांना तो कागद दाखवला, तीन वेळा लिहिलेला ‘ताप’ दाखवला, आणि विनंती केली की त्याऐवजी माइक आणि मिक्सर द्या. त्यांनी आनंदाने दिले. स्पीकर मोठा केल्याने ‘ताप’ मोठ्याने ऐकू आला असता, त्याचं ‘पाप’ झालं नसतं.

हे फक्त चर्चचं नाही. कीर्तन, प्रवचन, ग्रामसभा, शाळेचं संमेलन, सगळीकडे मागे बसणारे मान हलवत असतात. माइक घेणाऱ्यांनी कृपया सर्वांत बारीक आवाजाच्या माणसाला वाचायला आणि सर्वांत कमी ऐकू येणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवून मगच पैसे द्यावेत.

गेल्या रविवारी ह्यांनी मला वचन विचारलं नाही. पाळकसाहेबांचा एक मुद्दा ह्यांना पटला नव्हता, त्यावर घरी पोचेपर्यंत बोलत होते. आमचं एक काम अजून बाकी आहे. प्रभुभोजनाच्या मेजावर माइक नाही, आणि तिथे पाळकसाहेब हातात भाकर धरून हळू आवाजात बोलतात. तो विषय पंचांच्या पुढच्या बैठकीत आहे. तिथेही तीच वीस शब्दांची चाचणी व्हावी, असं मी लेखी दिलं आहे.

— एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)