अण्णांचं खातं गोठलंय

प्रिय बाळ्या,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच "मी म्हटलं नव्हतं का" सुरू करतोस आणि मूळ गोष्ट राहून जाते. शिवाय यातले कागद आणि आकडे तुला समोर लागणार आहेत. गणपतीनंतर एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे जसे होते तसेच.

अण्णांच्या किराणा दुकानाचं करंट खातं गोठवलंय. दोन हजार रुपयांपायी. आत पावणेदोन लाख अडकलेत. तक्रार तुमच्या कर्नाटकातल्या एका सायबर ठाण्याची आहे, म्हणून हे तुझ्या गळ्यात. दुसरं असं की "माझ्यावर पोलीस केस आहे का रे?" हे अण्णांनी आपल्या धाकट्या पोरालाही विचारलेलं नाही. मला विचारलं, आणि लगेच म्हणाले, बाळ्याला कळव.

झालं ते असं. तिकडे कुणाला तरी बनावट शेअर ट्रेडिंगच्या ॲपवर लुटलं. त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर चढली. तिथून ती थेट बँकांना जाते. पैसा पहिल्यांदा ज्या खात्यात गेला ते बहुधा भाड्याचं खातं असतं, म्यूल. तिथून तो काही मिनिटांत दहा-वीस तुकडे होऊन पुढे पळतो, आणि प्रत्येक बँक "माझ्याकडून पुढे अमुक खात्यात गेले" अशी नोंद करत साखळी वाढवते. त्या साखळीला ते लेयर म्हणतात. अण्णा चौथ्या लेयरला आहेत. त्यांच्या आधीच्या तिघांनी काय केलं हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नाही, पण गोठवताना चौथ्या आणि पहिल्या लेयरला बहुतेक वेळा एकच माप.

आता ते दोन हजार आले कसे? गूळ-शेंगदाण्याचे नाहीत. पेठेतलं एटीएम शनिवारी दुपारी रिकामं होतं ते सोमवारीच भरतं, हे तुला माहीतच आहे. मग लोक अण्णांकडे येतात. "अण्णा, दोन हजार स्कॅन करतो, रोख द्या." अण्णांनाही ते बरंच पडतं. गल्ल्यातली रोकड बँकेत नेऊन भरायचा हेलपाटा वाचतो, आणि करंट खात्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोख भरली की बँक आकार लावते, तोही वाचतो. दोघांची सोय. पण चोरीचा पैसा रोख करून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ताही हाच आहे. एटीएमवर कॅमेरा असतो, दिवसाची मर्यादा असते. किराणा दुकानात अण्णा असतात, आणि ते वर चहाही पाजतात.

या युक्तीची एक बहीण आहे. "अण्णा, चुकून जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा." दुसऱ्या नंबरवर पाठवलं की मेलं. परत करायचंच तर व्यापारी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन रिफंड करायचं, म्हणजे पैसा आला त्याच खात्यात परत जातो. धाकट्याला हे दाखवलं. तो म्हणाला, मला माहीत होतं. माहीत होतं तर बापाला सांगायचं नाही का? असो, तो आणि तू एकाच मातीचे.

आपलं २०१६ च्या नोव्हेंबरातलं भांडण काढतोच. तू म्हणाला होतास, पाच वर्षांत नोट कपाटात शोभेला ठेवायला उरेल. मी म्हटलं होतं, आठवडी बाजारात मेथीच्या जुडीला मोबाइल कोण काढणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले आणि मेथीवालीच्या पाटीलाही क्यूआर लटकतो, म्हणजे तू जिंकलास. चलनातली रोकड नोटबंदीच्या आधीच्या दुपटीच्या आसपास गेली, म्हणजे मी. पैजेची मिसळ दोघांनीही द्यायची नाही, हिशेब फिटला. पण खरी गोष्ट आपल्या दोघांच्या डोक्यात तेव्हा आली नव्हती. अण्णांनी पन्नास वर्षं नोटा घेतल्या. नोट खोटी नाही ना एवढं उन्हाकडे धरून पाहिलं की त्यांची जबाबदारी संपायची. ती काल कुणाच्या खिशात होती हे त्यांना कुणी विचारलं नाही, विचारून उपयोगही नव्हता. आता प्रत्येक रुपया आपली कुंडली घेऊन येतो, आणि ती कुंडली वाचायची सोय बँकेला आहे, पोलिसांना आहे, फक्त तो रुपया घेणाऱ्या अण्णांना नाही. त्यांना ऐकू येतं ते एवढंच, "दोन हजार रुपये प्राप्त हुए." त्या बोलणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं ते वर देतात.

तुझ्या बंगळुरात २०२५ च्या जुलैत जे झालं ते याच कुळातलं. विक्रीकरवाल्यांनी यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या आणि दुसऱ्या दिवशी पाट्या लागल्या, "नो यूपीआय, ओन्ली कॅश". मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे, पण खात्यातली जमा म्हणजे विक्री नव्हे. मेव्हण्याने पाठवलेले उसने, भिशीचे, आणि ही रोख देऊन घेतलेली रक्कम, सगळं एकाच रांगेत दिसतं. शिवाय भाजी, सुटं दूध यांवर कर नाहीच. अण्णांची वार्षिक जमा ३४ लाख आहे. त्यातली सात-आठ लाखांची अशी "स्कॅन घे, रोख दे" असेल. म्हणजे ४० लाखांच्या जवळ ते स्वतःच्या धंद्याने नाही, गावाच्या एटीएमचं काम फुकट करून पोहोचलेत.

बँकेत मी धाकट्याबरोबर गेलो. काउंटरवर एकच वाक्य, "वरून आलंय, पोलिसांना विचारा." मला त्या पोरीचा राग नाही. यूपीआयवर दुकानदाराकडून आकार घ्यायचा नाही हे २०२० च्या जानेवारीपासून चालू आहे. २०२४-२५ साठी सरकारने लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर बँकांना ०.१५ टक्के प्रोत्साहन ठरवलं होतं, तेही एकूण १५०० कोटींच्या आत. ज्या सेवेतून बँकेला सुटत काही नाही, तिच्या तक्रारीला ती माणूस कशाला बसवेल? यूपीआयचं कौतुक ऐकायला आवडतं सगळ्यांना, तक्रारीची खिडकी कुणालाच नको.

आता कामाचं. पहिली गोष्ट आम्ही केली ती क्यूआर उतरवायची. लोकांना वाटतं खातं गोठलं म्हणजे व्यवहार थांबले. तसं नाही. हा डेबिट फ्रीझ आहे, पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. अण्णा चार दिवस रोजचा गल्ला त्याच विहिरीत ओतत होते आणि डबा आनंदाने ओरडत होता. आता दुसऱ्या बँकेत दुकानाच्या नावाने नवं करंट खातं उघडलं आणि व्यापारी ॲपमध्ये पैसे जमा व्हायचं खातं बदललं, स्टिकर तोच परत लावला. धाकट्याच्या सेव्हिंग खात्याचा क्यूआर लावू दिला नाही. उद्या तेही गोठलं असतं, आणि दुकानाची विक्री त्याच्या नावावर चढली असती ती वेगळीच.

मग बँकेला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. त्यात पाच गोष्टी मागितल्या: तक्रारीचा पावती क्रमांक, ठाण्याचं नाव आणि ईमेल, वादातली रक्कम, त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक तारखेसह, आणि फक्त रकमेवर लीन आहे, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवलीय, की पूर्ण खात्यावर फ्रीझ. पाचवी सगळ्यात महत्त्वाची. पोलिसांनी बहुतेक वेळा रक्कमच दाखवलेली असते, पण बँक सावधगिरी म्हणून अख्खं खातं बंद करते. पोलीस म्हणतात आम्ही सांगितलं नाही, बँक म्हणते वरून आलं, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. अजून एक मेख: एकाच खात्यावर दोन-तीन तक्रारी असू शकतात. एक सुटली की लोक नाचतात आणि खातं बंदच राहतं, म्हणून सगळे पावती क्रमांक मागायचे. अण्णांच्या नावावर एकच आहे, देवाची कृपा.

हे तातडीचं का, तर अण्णांनी क्यूआरच्या जमेवर त्या व्यापारी ॲपवरून कर्ज उचललंय. रोजच्या वसुलीतून ४१० रुपये आपोआप कापले जातात. कर्ज कागद न मागता मिळालं, हे मान्य, आपल्या पतपेढीने त्यांना दोन वर्षं फिरवलं होतं. पण हप्ता चुकला की दंड आणि सिबिलवर डाग, खातं कुणी का गोठवलं याच्याशी त्या यंत्राला घेणं नाही. वरून आडत्याला दिलेला ६८ हजारांचा चेक परत आला. आडत्या जुना माणूस, हसून गप्प बसला. दुसरा असता तर चेक परतल्याचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत कलम १३८ ची नोटीस काढली असती.

तुझ्याकडे कुरिअरने फाइल येईल. आत: अण्णांचं अधिकारपत्र तुझ्या नावाने, आधार-पॅनच्या सह्या केलेल्या प्रती, शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, त्या दिवसाचा खातेउतारा (दोन हजारांची ओळ पिवळी केलीय), आणि अण्णांचा खरा जबाब. मी त्यात "किराणा विकला" असं लिहू दिलं नाही. मागाहून बनवलेलं बिल पकडलं गेलं तर साधा माणूस आरोपी होतो. रोख दिली असंच लिहिलंय. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं त्या वेळेचं चित्रण पेनड्राइव्हवर आहे. यंत्र पंधरा दिवसांनी जुनं पुसतं, नशिबाने तेरावा दिवस होता.

ठाण्यात तपास अधिकाऱ्याला भेट, हवालदाराला नाही. कन्नडमध्ये बोल, तिथे तुझ्या त्या भाषेचा एकदाचा उपयोग होऊ दे. मागायचं एकच: "वादातील ₹२,००० वर लीन ठेवून उरलेल्या खात्यावरचा डेबिट फ्रीझ उठवावा." हे त्यांनी सरकारी ईमेलवरून बँकेच्या नोडल कक्षाला (पोलिसांशी व्यवहार बघणारा विभाग) आणि शाखेला, दोन्हीकडे पाठवायला हवं, पावती क्रमांक आणि खाते क्रमांक घालून. तोंडी "होईल" घेऊन निघू नकोस. तक्रारदाराला दोन हजार देऊन मिटवा असं सुचवतील. अण्णा तयार आहेत, पण अधिकाऱ्याच्या लेखी नोंदीशिवाय कुणाच्याही नंबरवर टाकायचे नाहीत. साहेब बदलून गेले म्हणाले, तर पोर्टलवर प्रत्येक राज्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्याला लिहू. त्यानेही हललं नाही तर वकील धरून दंडाधिकाऱ्याकडे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज. "पाच हजारांत फ्रीझ काढून देतो" म्हणणारे एजंट आत्ताच अण्णांना फोन करू लागलेत. ते त्याच टोळीचे नातलग असावेत असा माझा संशय आहे.

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. चिरंजीवांना कॉमर्स घेऊ दे, उगाच मागे लागू नकोस. वहिनींना नमस्कार.

ठाण्यात शुक्रवार दुपार टाळ, सोमवारी सकाळी जा. फाइलमधली मूळ सहीची प्रत देऊ नकोस, झेरॉक्स दे आणि तिच्यावर पोच घे. अण्णा विचारत होते, बाळ्याचा तिकडचा जाण्यायेण्याचा खर्च किती होईल. मी सांगितलं, तुमच्या वहीत त्याच्या नावावर १९९८ पासून भडंगाचे जे पैसे आहेत त्यातून वळते करा. त्यांनी वही काढून पाहिलं. रक्कम अजून आहे.

तुझा,
सुध्या