गुळवे मामा, तुमचे आभार राहिलेच होते

मामा, नमस्कार. आठवीची पोरं घेऊन तुमच्या गुऱ्हाळावर आलो होतो तो सायन्सचा मास्तर मी. निघताना पोरं काकवीवर तुटून पडलेली, त्यात एसटी गाठायची होती, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

भौतिक बदल, रासायनिक बदल म्हटलं की पोरांची एक ओळ पाठ असते, मूळ वस्तू परत मिळाली तर भौतिक नाहीतर रासायनिक. मार्क मिळतात, पण ओळ लंगडीच. चरकातून निघालेल्या चिपाडाचा पुन्हा ऊस होत नाही, तरी चिरडणं भौतिकच. उलट तुम्ही रसात चुन्याची निवळी टाकता, तिच्यासाठी कळीचा चुना पाण्यात विरवतात तेव्हा रासायनिक बदल होतो, पाणी अक्षरशः उकळायला लागतं, आणि तोच विरलेला चुना भट्टीत कडक तापवला तर पाणी सुटून परत कळीचा चुना मिळतो! खरा प्रश्न एवढाच, नवीन पदार्थ तयार झाला का.

काहिलीला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईला, उकळी आल्यावर एकाने विचारलं रस जळतोय का, तर तुम्ही म्हणालात, "वाफ म्हंजे पाणीच की रं, ताट धर वर." ताटाखाली थेंब जमले, ते त्याने चाटून बघितले, गोड नव्हते. माझा अर्धा तास वाचला तिथे. रसात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं, ते उडतं तसा पाक घट्ट होतो आणि त्याचा उकळबिंदू चढत 118-120 अंशाच्या आसपास जातो, तेव्हा तुम्ही गार पाण्यात गोळी करून बघता. पण त्याच काहिलीत रंग गडद होतो, खमंग वास सुटतो, तिथे साखर आणि रसातली अमिनो आम्लं मिळून नवीन पदार्थ बनत असतात, तो रासायनिक. दोन्ही बदल एकाच वेळी, एकाच चुलवाणावर (काहिलीखालची भट्टी), पुस्तकात मात्र दोन वेगळे रकाने.

सगळ्यात भारी होतं ते तुमचं शिळ्या उसाचं बोलणं. तोडून चार दिवस पडलेल्या उसाचा गूळ बसत नाही, पाघळतो, हे तुम्ही सहज बोलून गेलात आणि माझ्या डोक्यात लाईट लागली. पडलेल्या उसात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा होतात, ना रंग बदलतो ना बुडबुडे येतात, गोडी तर तशीच, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पण सुक्रोज कमी पडलं की नीट स्फटिक धरत नाहीत आणि वाफ्यात (गार करायच्या पसरट हौदात) ओतलेला पाक मऊच राहतो. म्हणजे न दिसणारा रासायनिक बदल ढेप घट्ट न होण्यावरून कळतो. चुना पण त्याचसाठी, रसातलं आम्ल मारलं की उकळताना साखर कमी तुटते. हे तुम्हाला हाताने माहीत होतं, मी फक्त नावं दिली (नावं द्यायचाच पगार मिळतो म्हणा आम्हाला).

पोरं आता प्रत्येक गोष्टीला विचारतात, सर, नवीन काय झालं यात? चिक्कीच्या पाकात सोडा टाकला तर काय, इथपर्यंत गाडी गेलीय.

तर मामा, मनापासून थँक्यू, चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्या दादांना पण सांगा. आणि दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की शिळ्या उसाची एक छोटी ढेप आणि ताज्याची एक, दोन्ही बाजूला काढून ठेवा, पैसे शाळेकडून घ्यायचे, नाही म्हणायचं नाही.