खेळ चालतो, परवानगी मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली टाकण्याविषयीचा लेख वाचला. माहिती नेटकी होती, पण शेवटी लेखकाने जाता जाता एक वाक्य टाकले आहे: 'गेम खेळणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.' दहा वर्षांपूर्वी मीही याला मान डोलावली असती. आज तसे सरसकट म्हणता येत नाही, आणि जिथे म्हणता येते तिथेही सगळा दोष लिनक्सच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरचा संगणक धडधाकट, पण विंडोज ११ च्या अटींत न बसणारा. भंगारात काढायला मन होईना, म्हणून लिनक्स टाकले. गेम गेले तर गेले, अशी तयारी ठेवूनच. प्रत्यक्षात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून पूर्वी घेतलेले बहुतेक गेम सुरू झाले. काही पहिल्यांदा उघडताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार करत बसतात, तेवढा धीर धरावा लागतो.

लोकांना वाटते, आत कुठेतरी विंडोज लपवलेले असते. तसे नाही. वाईन नावाचा प्रकल्प १९९३ पासून एकच काम चिकाटीने करतो आहे: गेमने विंडोजला उद्देशून 'ही फाइल उघड', 'इथे खिडकी काढ' म्हटले, की तेच काम लिनक्सकडून करून घ्यायचे. दुभाषाच म्हणा ना. ग्राफिक्सचे प्रकरण जास्त अवघड होते. विंडोजची ग्राफिक्सची भाषा डायरेक्टएक्स; तिच्यातल्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत बदलणारे डीएक्सव्हीके एका प्रोग्रामरने लिहायला घेतले, ते 'निअर: ऑटोमाटा' हा एक गेम त्याला लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. हौसेला मोल नसते ते असे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ही सगळी सामग्री एकत्र बांधून प्रोटॉन आणले. २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक, हातात धरून खेळायचे यंत्र, तर मुळात लिनक्सवरच चालते.

एकदा अर्धवट खेळून जतन केलेला जुना गेम शोधायला मी प्रोटॉनच्या फोल्डरात शिरलो. प्रत्येक गेमला आकड्याच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर. त्यात सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, सिस्टिम३२, प्रोग्रॅम फाइल्स, अगदी वापरकर्त्याचे डॉक्युमेंट्ससुद्धा. नाटकाचे नेपथ्यच उभे केलेले. गेम बिचारा आपल्याच घरी असल्याच्या समजुतीत सुखाने नांदतो.

हे नेपथ्य आधी समजून घेतले असते तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. पुन्हा डाउनलोड नको म्हणून विंडोजच्या एनटीएफएस या साठवण-पद्धतीतली जुनी डिस्क तशीच जोडून तिच्यावरचे गेम चालवायला गेलो होतो. 'प्ले' दाबले की बटणाचे 'स्टॉप' होई आणि दोन सेकंदांत पुन्हा 'प्ले'. काय चुकले हे सांगणारा संदेशही नाही. कारण शेवटी क्षुल्लक निघाले: प्रोटॉनला त्या फोल्डरात 'सी:' असा अपूर्णविराम असलेल्या नावाचा दुवा तयार करावा लागतो, आणि विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात ते चिन्ह बसत नाही. गेम लिनक्सच्या डिस्कवर हलवले आणि कटकट संपली. लेखात असे काही आले असते तर वाचकांना उपयोग झाला असता.

गंमत म्हणजे, खास लिनक्ससाठी बनवलेल्या काही जुन्या आवृत्त्या आज नव्या लायब्ररींशी, म्हणजे प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचांशी, जुळत नाहीत, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून मुकाट चालते. एकेक गेम लिनक्सवर आणण्याचा धंदा लोकी नावाच्या कंपनीने १९९८ मध्ये सुरू केला होता. २००२ मध्ये ती बंद पडली. तिथे जन्मलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र आजही असंख्य गेममध्ये आहे. '०ए.डी.', 'सुपरटक्सकार्ट', 'बॅटल फॉर वेस्नॉथ' असे मुळातच मुक्त असलेले, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असे, गेम वेगळेच. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन शब्द आहेत ते बरे. आपल्या लेखात ते सतत एकमेकांच्या जागी आले आहेत.

आता न चालणाऱ्या गेमविषयी. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर एक ऑनलाइन गेम खेळायची. नाव मुद्दाम घेत नाही. लिनक्सवर तो उघडतो, मेनू दिसतो, संगीत वाजते, आणि सामन्यात शिरताच बाहेर काढतो. गेमला काही झालेले नसते. फसवेगिरी पकडणारे सॉफ्टवेअर, म्हणजे अँटीचीट, त्याला आत घेत नाही. यातले काही प्रकार थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसतात. त्यांची सोय वाईनला करता येत नाही. पण ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडले. ते वापरायचे की नाही हे गेमचा प्रकाशक ठरवतो. 'एपेक्स लेजंड्स'ने ते वापरले, लिनक्सवरचे लोक दोन वर्षांहून अधिक काळ खेळले, आणि २०२४ च्या अखेरीस फसवेगिरीचे कारण देऊन ते बंद केले.

प्रकाशकांची भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या प्रणालीचा कर्नल कोणीही बदलून बांधू शकतो, तिच्यावर पहारा ठेवणे कठीणच. पण मग 'आम्ही परवानगी देत नाही' असे सरळ म्हणावे. मुलगी मात्र आठवडाभर मला ऐकवत होती, 'बाबा, तुमचं लिनक्स बिघडलंय.'

आपल्या पुरवणीत गेमच्या परीक्षणाखाली तो कोणकोणत्या यंत्रांवर चालतो याची चौकट असते. तिथे लिनक्ससाठी एक ओळ वाढवावी: चालतो, खटपट करून चालतो, की प्रकाशकाने अडवला आहे. तिसऱ्या प्रकारात अँटीचीटचे नावही द्यावे. गेम विकत घ्यायच्या आधी मला तेवढे कळले तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक