मासे संकट घेऊन मरत नाहीत, धुतलेल्या फिल्टरमुळे मरतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला फिशटँकवरचा वास्तूचा लेख वाचला. टँक उत्तरेला की ईशान्येला, मासे आठ सोनेरी आणि एक काळा, सगळं त्यात होतं, आणि शेवटी ते नेहमीचं वाक्यही होतं की टँकमधला मासा अचानक गेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं असं समजा. कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीयेत मला, ज्याला जिथे टँक ठेवायचा त्याने तिथे ठेवावा. पण या एका वाक्याने फार नुकसान होतंय. मासा का मेला हे शोधायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, संकट टळलं म्हणून उलट बरं वाटतं, मग दुकानातनं दुसरा आणायचा, तोही जातो, परत तिसरा. आणि खरं कारण तिथेच टँकच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडत बसलेलं असतं, म्हंजे फिल्टर.

आमच्या कॉलनीत कोणाच्या टँकमध्ये काही बिनसलं की मला बोलावणं येतं. गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारतो, टँक कधी धुतला? आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "अहो परवाच तर धुतला, बघा ना पाणी किती क्लिअर आहे!" मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, कल्ले लालभडक झालेले असतात, आणि फिल्टरचा स्पंज नवाकोरा दिसत असतो कारण तो नळाखाली धरून कपड्याच्या साबणाने घासून गच्चीवर उन्हात वाळवलेला असतो. खडे पण वाळवलेले, काचाही घासलेल्या, पाणी पूर्ण बदललेलं. एवढी मेहनत घेतलेली असते लोकांनी, प्रेमाने घेतलेली असते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आता यात चुकतं काय ते सांगतो. मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो, खाल्लेलं-न खाल्लेलं अन्न कुजलं की त्यातनंही अमोनियाच तयार होतो आणि अमोनिया माशाला विष आहे. बंद टँकमध्ये तो जाणार कुठे? तर फिल्टरच्या स्पंजमध्ये, खड्यांवर, जिथे म्हणून पाणी खेळतं तिथे एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच, माशाच्या रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा भाग त्याने निकामी होतो. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आपण थोडं थोडं पाणी बदलून काढायचं. शाळेत नायट्रोजन चक्र शिकवतात ना, तेच हे. हे काम करणारे बॅक्टेरिया विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले होते, म्हंजे ही काही कालपरवाची थिअरी नाही. फिल्टर कचरा अडवतो हे त्याचं छोटं काम, मोठं काम या बॅक्टेरियांना घर देणं हे आहे, आणि आपण नेमकं तेच घर साबणाने धुऊन उन्हात टाकतो. पाणी क्लिअर दिसतं कारण अमोनियाला रंगच नसतो. मासे दोन-चार दिवसांनी मरतात, लगेच नाही, त्यामुळे धुण्याशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही आणि संकटाची गोष्ट बरोब्बर त्या जागी बसते.

साबण नको हे लोकांना सांगितलं की पटतं, पण नुसत्या नळाच्या पाण्याने काय होतं असं विचारतात. नळाचं पाणी आपल्यासाठी क्लोरीन टाकून जंतू मारायलाच केलेलं असतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं धरलेलं आहे, त्या क्लोरीनला चांगला जंतू आणि वाईट जंतू कळत नाही. म्हणून स्पंज धुवायचा तो टँकमधल्याच पाण्यात. पाणी बदलताना एका बादलीत टँकचं पाणी काढायचं, त्यात स्पंज बुडवून चार-पाच वेळा हाताने दाबायचा, काळपट गाळ निघतो, फुलझाडं त्या पाण्यावर खूश होतात, स्पंज परत जागेवर. तो तपकिरीच दिसला पाहिजे! पांढरा करायच्या भानगडीत पडू नका. दोन स्पंज असतील तर या वेळी एक, पंधरा दिवसांनी दुसरा. फिल्टरची धार मंदावली की धुवायची वेळ झाली समजायचं, साधारण तीन-चार आठवड्यांनी, मासे जास्त असतील तर आधी. गाळ अडवायला कापसासारखी पांढरी वूल असते ती फेकून नवी टाकली तरी चालते, बॅक्टेरिया राहायला फिल्टरमध्ये घालतात त्या सिरॅमिक रिंगा मात्र वर्षानुवर्षं टिकतात, दुकानदार बदला म्हणाला तरी बदलू नका. कार्बनची पिशवी काही आठवड्यांत संपते, रोजच्या वापरात तिची गरजही नसते, औषध टाकल्यावर ते पाण्यातनं काढून टाकायला ती कामाची. आणि हो, मोटरच्या आतला छोटा पंखा असतो ना, तो महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या टूथब्रशने साफ करा, घरघर आवाज येतो तो बहुतेक त्यातल्या गाळाचा असतो. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून नाही.

आता मूळ लेखातल्या नऊ गोल्डफिशकडे येतो कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. गोल्डफिश हा नाजूक दिसतो पण खूप खातो, खूप घाण करतो आणि नीट सांभाळला तर हातभर नाही तरी वीतभर सहज होतो. एका माशाला चाळीसेक लिटर पाणी धरलं तर नऊ माशांना साडेतीनशे लिटरच्या वर लागतं. तुमच्या घरातला टँक किती लिटरचा हे काढायचं सोपं आहे, लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणायची आणि त्याला २८ ने गुणायचं. दोन फूट बाय एक बाय एक म्हंजे ५६ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर पन्नासच्याही आत. चार फूट बाय दीड बाय दीड घेतला तरी अडीचशे लिटर. म्हंजे लेखात सांगितलेले नऊ मासे चार फुटी टँकमध्येही धड मावत नाहीत आणि लोक ते दीड फुटी टँकमध्ये ठेवतात, काही जण तर काचेच्या गोल बाउलमध्ये, फिल्टरशिवाय. त्यात कोणता मासा वाचणार?

फिल्टर घेताना बॉक्सवर तासाला किती लिटर ते लिहिलेलं असतं. टँकच्या चार-पाच पट तरी ते असावं, गोल्डफिशला थोडं जास्तच, कारण बॉक्सवरचा आकडा रिकाम्या मोटरचा असतो, आत स्पंज भरला आणि त्यात गाळ बसला की धार खूप कमी होते. पण नुसता फोर्स बघू नका, स्पंज केवढा आहे ते बघा, बॅक्टेरिया राहणार तिथे. फायटरसारख्या माशाला तर जोराची धार सोसवतच नाही, बिचारा दिवसभर ढकलला जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा टँक घेणाऱ्याने दोन फुटापर्यंत साधा स्पंज फिल्टर एअर पंपावर लावावा. स्वस्त असतो, बिघडायला त्यात काही नाही, पिल्लं ओढली जात नाहीत, हवा पण मिळते. दिसायला तो काही खास नाही म्हणून दुकानात कोपऱ्यात पडलेला असतो, आणि गिऱ्हाइकाला लाइटवाला, धबधब्यावाला दाखवतात. फक्त पंप टँकच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, लाइट गेली की पाणी नळीतनं उलटं पंपात उतरतं. आतला पॉवर फिल्टरही ठीक आहे. मागे लटकवायचा असतो तो चांगला पण आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, पातळी खाली गेली की तो हवा ओढतो, आणि लाइट येऊन-जाऊन झाली की काही मॉडेल परत चालूच होत नाहीत, त्याच्याकडे लक्ष पाहिजे. मोठ्या टँकला, गोल्डफिशच्या टँकला कॅनिस्टर उत्तम, म्हंजे टँकच्या खाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, खर्च परवडत असेल तर. खड्यांखालची जाळी, जुनी पद्धत, ती मी कोणालाच सुचवत नाही, सगळी घाण खाली साठते आणि काढायची तर पूर्ण टँक उपसावा लागतो. आणि फिल्टरऐवजी "टँक क्लीनर" म्हणून सकर मासा देतात ते तर साफ चुकीचं, तो शेवाळ खरवडतो पण घाण करतो स्वतःची वेगळी, फूटभराच्या वर वाढतो, मग लोक नदीत नाहीतर तलावात सोडून देतात आणि तिथले आपले मासे आणि मच्छीमार दोघांना त्याचा त्रास.

नवीन टँकवाल्यांनी एक ऐकाच. संध्याकाळी टँक, फिल्टर आणि मासे एकाच पिशवीत घेऊन घरी येऊ नका. फिल्टर मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढ्यात बॅक्टेरिया जमतात. घाई असेल तर ज्याचे मासे निरोगी आहेत अशा ओळखीच्या माणसाच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणायचा, ओलाच, त्याच्याच टँकच्या पाण्यात, आणि आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. विरजण लावतो तसं. मासे सुरुवातीला दोन-तीनच, खाणं अगदी चिमूटभर. आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदला, पूर्ण कधीच नको, नवीन पाणी एक दिवस उघडं साठवलेलं किंवा अँटीक्लोरीन टाकलेलं. बोअरचं पाणी असेल तर जास्त सांभाळा, ते बऱ्याचदा अल्कलाइन असतं आणि तसल्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो.

शेवटचं आणि आमच्या जळगावकडे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री आवाज येतो म्हणून, बिल वाढतं म्हणून फिल्टर बंद करतात लोक. पाच वॅटचा पंप महिनाभर चोवीस तास चालला तरी साडेतीन-पावणेचार युनिट होतात, त्यासाठी बंद नका करू, बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात तर अजूनच, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ३२ अंशाला सव्वासातच्या आसपास. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली तर मासे अर्ध्या तासात वर येऊ शकतात. इन्व्हर्टरवर टीव्हीच्या आधी एअर पंप घ्या, नसेल तर बॅटरीवाला छोटा पंप आणून ठेवा, तोही नसेल तर तांब्याने टँकचंच पाणी उंचावरून परत टँकमध्ये ओतत राहा, आणि त्या वेळात खाणं घालू नका. कॅनिस्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर लाइट आल्या आल्या तसाच चालू करू नका, आतलं सडलेलं पाणी सगळं टँकमध्ये येतं. आधी उघडून ते पाणी फेकून द्या, रिंगा टँकच्या पाण्यात हलक्या विसळा, मगच चालू.

संपादक साहेब, पुढच्या वेळी फिशटँकवर काही छापाल तेव्हा दिशेच्या शेजारी लिटरचा हिशोब आणि स्पंज कोणत्या पाण्यात धुवायचा हे दोन ओळीत तरी छापा, आणि ते संकटाचं वाक्य प्लीज गाळा. शाळांना सुट्ट्या लागल्यात, मुलांच्या हट्टाने या दिवसांत पुष्कळ टँक घरी येतात.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
जळगाव