चटणीच्या डब्याखाली ठेवलेलं पत्र

सोलापूर,
रविवार, रात्री

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू झोपलायस. सकाळची गाडी सहाची आहे आणि मला झोप येत नाही, म्हणून बॅग परत उघडली. कडक भाकरी वेगळ्या पिशवीत बांधल्यात, त्या नाशिकला पोलीस अकादमीत आठ दिवस सहज टिकतील. शेंगाचटणीचा डबा शर्टांच्या मध्ये आहे आणि हे पत्र त्याच्याखाली. गाडीत वाचू नकोस, तिथं पोचून खोलीवर निवांत वाच.

काल जेवताना मी मधेच गप्प झाले. ताईला वाटलं, मला राग आला. राग नव्हता रे. "दोन ठेवून दिल्याशिवाय चोर बोलत नाही गं आई, सगळेच करतात," असं तू म्हणालास आणि भाकरी मोडलीस. मी तुझ्या हाताकडे बघत राहिले. करंगळी थोडी वाकडी, अंगठा जाड, हुबेहूब तुझ्या आजोबांचा, आप्पांचा हात. त्या हाताबद्दल काल बोलायचं होतं, पण पाहुणे होते. आज लिहिते. एकदाच लिहीन, परत परत तेच काढणार नाही.

आधी चांगलं लिहिते. आपल्या वस्तीतून पहिला फौजदार तू झालास. चार पुतळ्यापाशी सगळ्यांनी तुझे फोटो काढले, तेव्हा मी मागे उभी होते. पुढे आले असते तर रडले असते. बत्तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, घटनेची उद्देशिका पाठ करून घेतली, आणि माझ्याच पोटचा पोरगा त्या घटनेची शपथ घेणार. आप्पा असते तर त्यांनी तुझ्या टोपीला हात लावून बघितला असता.

ज्या पुतळ्यांपाशी फोटो काढलास, त्यांचं तुला लहानपणी सांगितलंय. तरी परत सांगते, आता तू वेगळ्या बाजूला उभा राहणार आहेस. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. ८ तारखेला गोळीबार झाला, चौकी जळली. मग पोलीस शहरातून निघून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूर लोकांनीच चालवलं. १२ मेला मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. गांधी टोपी घातली म्हणून मार, झेंडा धरला म्हणून तुरुंग. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. वर्गात हा धडा शिकवताना जळलेल्या चौकीपाशी मी दरवेळी थांबायचे. त्या चौकीतल्या शिपायांनाही आया होत्या. आता रात्री त्यांचीच आठवण जास्त येते. तू बंदोबस्ताला उभा असशील आणि समोरून जमाव येईल, हे डोळ्यांसमोर येतं आणि मी उठून पाणी पिते.

पण बाळा, मार्शल लॉचं दुःख सांगताना आपल्या लोकांचं कुणी सांगत नाही. शहरावर ते दिवस दीड-दोन महिने आले. आपल्या लोकांवर ते कधीचेच होते आणि जूनच्या शेवटी संपलेही नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट, अशा कितीतरी जातींत जन्माला आलं की माणूस गुन्हेगारच. काय केलं हे विचारायचं नाही, कुणाच्या पोटी आला एवढंच बघायचं. नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे कागदावर, राहायचं सेटलमेंटच्या काटेरी तारेच्या आत. गिरणीत कामाला जायचं तर परवानगी, परत येऊन हजेरी.

आप्पा १९२८ चे. तारेच्या आतच जन्मले आणि चोवीस वर्षांचे होईपर्यंत हजेरी देत होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशातून उठला. स्वातंत्र्याला पाच वर्षं होऊन गेली होती, राज्यघटना लागू होऊन अडीच. तू त्यांना म्हातारपणी बघितलंस. संध्याकाळी ते शर्टाची सगळी बटणं लावून दारात उभे राहायचे, आठवतं? तू विचारायचास, "आजोबा, कुठं जायचंय?" ते म्हणायचे, "कुठं नाही." हजेरीची वेळ व्हायची रे ती. तार निघून पन्नास वर्षं झाली होती तरी पाय आपोआप दारात जायचे. गळ्याचं वरचं बटण लावताना ती वाकडी करंगळी आत अडकायची, मी सोडवून द्यायचे. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. पोरांनी मान वर करून शाळेत जावं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ज्या इंग्रज सरकारने १८७१ चा तो कायदा केला, त्यानेच पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, पुराव्याचा कायदा केला. त्यात लिहिलं की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही. ज्या साहेबाने आपल्याला जन्मतः चोर ठरवलं, त्यालाही माहीत होतं की चौकीत माणूस मारून काहीही वदवून घेता येतं. नवीन कायद्यातही हे कलम राहिलंय, तुला अकादमीत शिकवतीलच. म्हणून विचारते, दोन ठेवून दिल्यावर चोर जे बोलतो त्याचं कोर्टात काय करणार आहेस?

बघ, मी परत तिथंच आले. आणि शिकवायलाही लागले. माफ कर, सवय जात नाही.

मामाचं सांगते. तू काल म्हणालास, मामा सत्काराला आला नाही, अजून जुनं धरून बसलाय. ते जुनं काय, हे तुला अर्धंच ठाऊक आहे. १९८९ साल. बाजारात एका दुकानात चोरी झाली आणि रात्री पोलिसांनी दादाला, तुझ्या मामाला, उचलून नेलं. त्या दुकानाशी त्याचा काही संबंध नव्हता. कायदा गेला होता पण वहीतली नावं गेली नव्हती. सकाळी मी डबा घेऊन गेले. समोरचा म्हणाला, "असा कोणी माणूस इथं नाही. डायरीत नोंदच नाही." मी खाली बघितलं. दाराशी चपलांच्या रांगेत दादाची चप्पल होती. तिचा अंगठा तुटला होता आणि मीच तो निळ्या दोऱ्याने शिवून दिला होता. निळा दोरा मला दिसत होता आणि तो माणूस म्हणत होता, इथं कोणी नाही. तीन दिवस मी जात राहिले. तीन दिवस चप्पल तिथंच होती.

चौथ्या दिवशी दादा घरी आला तो चप्पल हातात घेऊन. पायात जात नव्हती. मी मिठाचं पाणी गरम केलं. तो काही बोलला नाही आणि अजूनही बोललेला नाही. आठ दिवसांनी खरा चोर सापडला. आमच्याकडे कुणी आलं नाही, चूक झाली म्हणायलाही नाही. दादाची गिरणीतली बदलीची नोकरी खाडे पडले म्हणून गेली होती, ती गेलीच.

घटनेचं कलम २२ तेव्हाही होतं. अटक केलेल्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, हे मी त्याच वर्षी सातवीच्या पोरांना शिकवत होते. पण ज्याची नोंदच नाही त्याचे चोवीस तास मोजणार कुठून? पुढे १८ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टात डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवायचं, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी. तो खटला सुरू झाला होता एका पत्रावरून. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल बसूंनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं. दहा वर्षं लागली, पण एका कागदाने एवढं झालं. म्हणून तुला नोंदीचं सांगते. कोणालाही आणलंस की आधी डायरी उघड. वेळ लिही, नाव लिही, घरी कळव. वरून फोन आला, "सध्या नोंद नको" म्हणाले, तरी लिही.

हे सोपं नाही, कळतं मला. वरिष्ठ असतात, बदली असते, गडचिरोलीची भीती घालतात. आणीबाणीत तर सुप्रीम कोर्टाला जमलं नाही. आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, हे ठरवायला एप्रिल १९७६ मध्ये पाच न्यायाधीश बसले होते. न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलाला विचारलं, एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर मिळालं. चौघांनी सरकारचं मान्य केलं, खन्ना एकटे विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, तो निकाल सपशेल चुकला होता असं लिहिलं. त्या दिवशीचा पेपर मी जपून ठेवलाय. मुलगा बापाची चूक दुरुस्त करू शकतो. आमच्याही चुका आहेत. मामाचं आम्ही तुझ्यापासून लपवलं, ही त्यातलीच एक. तुला वर्दीचं वेड लहानपणापासून होतं, तुझं मन खट्टू होईल असं वाटलं.

तू वाईट वागशील असं मला म्हणायचं नाही. काल तू फक्त एक वाक्य बोललास, मित्रांकडून ऐकलेलं असेल. परीक्षेच्या चार वर्षांत लायब्ररीतून रात्री येताना पुलाखालच्या म्हाताऱ्याला निम्मा डबा देऊन यायचास, ते मला माहीत आहे. तू सांगितलं नाहीस, पण डब्यात त्याच्या बोटांना लागलेली तंबाखू असायची. त्या पोराबद्दल मला काळजी नाही. काळजी आहे ती रात्री दोन वाजताची. बारा तास ड्युटी झालेली, उपाशी पोट, समोर तोंड न उघडणारा एखादा पोरगा, बाहेर डबा घेऊन उभी बाई, आणि खोलीत सगळे म्हणतायत की करतात सगळेच. तेव्हा तुझा हात वर गेला तर? एवढंच परत परत मनात येतं. म्हटलं होतं एकदाच लिहीन, जमलं नाही.

भुकेचा राग तुला येतोच, म्हणून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात राजगिऱ्याचे लाडू ठेवलेत. पळताना गुडघा दुखला तर अंगावर काढू नकोस, तिथल्या डॉक्टरला दाखव. पहिला पगार झाला की ताईच्या फीचे राहिलेले दे, मला काही नको.

आणखी एक. मामा आज संध्याकाळी येऊन गेला, तू मित्रांकडे गेला होतास तेव्हा. बसला नाही. तुझे नवे काळे बूट दारात होते, ते उचलून बघितले, तळवा दाबून बघितला, "कडक आहेत, पहिले काही दिवस चावतील, आत खोबरेल लाव म्हणावं," एवढं बोलून गेला. मी तेल लावून ठेवलंय.

नाशिकला पोचलास की आधी त्याला फोन कर, मग मला. पहिल्यांदा तो उचलणार नाही. परत लाव.

तुझी आई